निवृत्तीची बचत: आधी वर्षं, मग व्याजदर

अटल पेन्शन योजनेचा हप्त्यांचा तक्ता एकदा नीट पाहा. साठीनंतर महिना 5,000 रुपये पेन्शन हवी असेल, तर वयाच्या 18 व्या वर्षी योजनेत आलेल्याला महिन्याला 210 रुपये भरावे लागतात. 25 व्या वर्षी आलेल्याला 376, 30 व्या वर्षी 577, 35 व्या वर्षी 902 आणि 40 व्या वर्षी, म्हणजे योजनेचं दार लागता लागता आत शिरलेल्याला 1,454 रुपये. पेन्शन मात्र सगळ्यांना सारखीच.

आता एकूण भरणा मोजा. अठरा वर्षांचा मुलगा 42 वर्षं हप्ते भरतो आणि त्याच्या खिशातून जातात 1,05,840 रुपये. चाळिशीतला गृहस्थ निम्म्याहून कमी काळ, 20 वर्षंच भरतो, पण त्याचे जातात 3,48,960. दोघांच्या पैशांना दर जवळपास एकच धरलेला आहे. तक्त्यावरून उलटं गणित केलं तर तो वर्षाला 8 टक्क्यांच्या आसपास निघतो. धाकट्याच्या पैशाला 22 वर्षं जास्त मिळाली, एवढाच काय तो फरक.

इथे ही योजना विकायची नाही (आयकर भरणाऱ्यांना तर ऑक्टोबर 2022 पासून ती नव्याने घेताही येत नाही). पण निवृत्तीच्या बचतीचं मर्म या तक्त्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सरकारी सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. ती परत मिळावी म्हणून मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. खासगी नोकरीत, दुकानात, रिक्षावर, शेतात ती कधी नव्हतीच. म्हणजे म्हातारपणाची सोय आपली आपणच करायची. ती कशी करायची, ते पहिल्या पगारापासून क्रमाने पाहू.

पायरी 1: आठवीचं गणित पुन्हा काढा

सरळव्याज फक्त मुद्दलावर मिळतं. 10,000 रुपये 8 टक्क्यांनी ठेवले तर दरवर्षी 800, ना कमी ना जास्त. चक्रवाढीत पहिल्या वर्षी 800 च मिळतात, पण दुसऱ्या वर्षी व्याज 10,800 वर लागतं आणि 864 मिळतात, तिसऱ्या वर्षी 11,664 वर 933. फरक इतका किरकोळ की कुणी लक्षही देणार नाही.

दहा वर्षांनी सरळव्याजाची रास 18,000 होते आणि चक्रवाढीची 21,589. वीस वर्षांनी 26,000 आणि 46,610. तीस वर्षांनी 34,000 आणि 1,00,627. चाळीस वर्षांनी 42,000 आणि 2,17,245.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. पहिली, सुरुवातीची दहा वर्षं फार कंटाळवाणी असतात. दहा वर्षं थांबून साडेतीन हजारांचा फरक पडतो, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिसाव्या ते चाळिसाव्या वर्षात रास 1,16,618 ने वाढली, म्हणजे आधीच्या तीस वर्षांत मिळून जेवढी झाली होती त्याहून जास्त. दहा वर्षं उशिरा सुरुवात करणाऱ्याला वाटतं, आपली सुरुवातीची, फारशी कमाई नसलेली वर्षं गेली. प्रत्यक्षात त्याची गेलेली असतात ती शेवटची दहा, सगळ्यात भारी वर्षं.

आता दरमहा बचतीचा हिशेब. महिना 5,000 रुपये, वार्षिक 8 टक्के, वय 25 ते 60: हातात येतात सुमारे 1 कोटी 15 लाख. तेच 35 व्या वर्षी सुरू केलं तर साडेसत्तेचाळीस लाख. पहिल्याने भरले 21 लाख, दुसऱ्याने 15 लाख. भरण्यातला फरक 6 लाखांचा, हातात येणाऱ्या रकमेतला 67 लाखांचा. एखाद्याने 25 ते 35 एवढीच दहा वर्षं भरून पुढे एक पैसा टाकला नाही, नुसतं तसंच राहू दिलं, तरी त्याचे साठीला 67 लाख होतात. 35 पासून पंचवीस वर्षं नेटाने भरणारा त्याच्या मागेच राहतो.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये एफव्ही नावाचं सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: महिन्याचा दर (8 टक्क्यांसाठी 0.08 भागिले 12), हप्त्यांची संख्या (35 वर्षांसाठी 420) आणि हप्त्याची रक्कम, वजा चिन्ह लावून. एकदा स्वतःच्या हाताने आकडे बदलून पाहिले की एजंटाच्या रंगीत कागदाची भूल पडत नाही.

पायरी 2: 72 चा नियम पाठ करा

72 ला व्याजदराने भागा. तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. 8 टक्क्यांना 9 वर्षं, 12 टक्क्यांना 6 वर्षं. नियम ढोबळ आहे, पण किती बरोबर येतो ते पोस्टातच तपासता येतं. एप्रिल 2023 मध्ये किसान विकास पत्राचा दर साडेसात टक्के झाला आणि दुप्पट होण्याची मुदत 115 महिने ठरली. 72 भागिले 7.5 म्हणजे 9.6 वर्षं, म्हणजेच 115 महिने.

हा नियम खरा उपयोगी पडतो तो बाजारपेठेतून जाताना. पतसंस्थेच्या दारावर फ्लेक्स असतो: ‘दामदुप्पट ठेव योजना, फक्त 66 महिन्यांत’. 66 महिने म्हणजे साडेपाच वर्षं, 72 भागिले 5.5 म्हणजे 13 टक्के. पोस्ट साडेसात देत असताना ही संस्था 13 कुठून आणणार? ठेवीला 13 द्यायचे तर कर्ज त्याहून महाग द्यावं लागणार, आणि इतक्या महाग व्याजाने कर्ज घेणारा सहसा तोच असतो, ज्याला बँकेने दारातूनच परत पाठवलेलं असतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

घरातली मोठी माणसं अशा फलकांवर पटकन विश्वास का ठेवतात, त्यालाही कारण आहे. 1988 मध्ये किसान विकास पत्र सुरू झालं तेव्हा सरकार स्वतःच साडेपाच वर्षांत दामदुप्पट देत होतं. पीपीएफवर (कुणालाही उघडता येणारं सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं) 2000 सालाच्या सुरुवातीपर्यंत 12 टक्के मिळत होते, पीएफवरही (नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी) तेवढेच. बाबांचा अनुभव खोटा नाही, तो काळ संपला इतकंच.

पायरी 3: उलटी चक्रवाढ आधी थांबवा

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता नुसती ‘किमान देय रक्कम’ भरण्याची सवय असेल तर निवृत्तीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 नव्हे, व्याजावर व्याज धरून 51 टक्के. न फेडलेली रक्कम 20 महिन्यांत दुप्पट होते. सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये, असा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं लावत असत. कार्डाच्या थकबाकीला तसला कुठला बांध नाही. पीपीएफमध्ये 7.1 टक्के मिळवत कार्डावर 51 टक्के देणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला बचत करणारे समजतात.

कार्ड फिटलं की तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात किंवा साध्या एफडीत टाका. याला परतावा कमी मिळतो, मिळू दे. दवाखाना, नोकरी जाणं, गावाकडचं अचानक निघालेलं काम, यासाठी निवृत्तीच्या पैशाला हात लागू नये म्हणून ही रक्कम आहे.

पायरी 4: पीएफ काढू नका

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

पगाराची स्लिप घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असेल, तर त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, तुमच्या पगारातून कापले जातात. मालकही 1,800 भरतो, पण त्यातले 1,250 कर्मचारी पेन्शन योजनेत जातात आणि 550 पीएफमध्ये येतात. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला जमा होतात 2,350. पासबुक उघडलंत तर तीन रकाने दिसतील: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. पहिल्या दोन रकान्यांत वर्षअखेरीला व्याज जमा होतं. पेन्शनच्या रकान्यात व्याज दिसत नाही, ते तिथे कधीच लागत नाही. नवखी मुलं हा रकाना पाहून घाबरतात आणि आपले पैसे अडकले म्हणतात. पेन्शनचा हक्क नोकरीच्या वर्षांवर ठरतो, दहा वर्षं पूर्ण झाली की तो मिळतो.

पीएफचा दर 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी 8.25 टक्के होता. तीन वर्षं नोकरी केलीत तर वरच्या हिशेबाने खात्यात 95 हजारांच्या आसपास साठतात. मग नोकरी बदलते, दोन-तीन महिन्यांची फट पडते, आणि कुणीतरी सल्ला देतो: काढून टाक, कुठे अडकवून ठेवतोस. 95 हजारांत चांगला फोन आणि गोव्याची सहल होते. पंचविसाव्या वर्षी असे काढलेले 95 हजार नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग केले असते, तर 58 व्या वर्षापर्यंत, 33 वर्षांत 8 टक्क्यांनी त्यांचे 12 लाख झाले असते. शिवाय सलग पाच वर्षांची नोकरी पूर्ण होण्याआधी काढले तर त्यावर कर लागतो. पेन्शनची रक्कमही काढून घेतलीत तर दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू.

म्हणून करायचं ते एवढंच: यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) एकच ठेवा, नवीन नोकरीत रुजू होताना तोच द्या, आधार आणि बँक खात्याची केवायसी पूर्ण करा, जुन्या खात्यातली रक्कम नव्यात आली का ते पासबुकात डोळ्यांनी पाहा, आणि ई-नामांकन भरा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते आणि घोडं तिथेच अडतं. ती सोडतानाच भरून घ्यावी. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी एचआरला फोन केला तर तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं.

जास्त भरायची ऐपत असेल तर व्हीपीएफचा (पीएफमध्ये स्वतःहून जास्तीचं भरण्याचा) पर्याय आहे, दर पीएफचाच. मात्र तुमचा स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो.

पायरी 5: पीपीएफ आणि पाच तारीख

ज्यांना पीएफ नाही, म्हणजे दुकानदार, फ्रीलान्सर, शिकवणी घेणारे, त्यांनी पीपीएफपासून सुरुवात करावी. वर्षाला किमान 500, कमाल दीड लाख. मुदत, खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून 15 वर्षं. दर एप्रिल 2020 मध्ये 7.1 वर आला आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिला. व्याज करमुक्त आहे, नव्या कर प्रणालीतही. भरणा केल्याबद्दलची आयकरातली वजावट मात्र जुन्या प्रणालीतच मिळते.

यात एक बारकावा आहे. व्याज प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मोजतात. सहा तारखेला भरलेत तर त्या महिन्याचं व्याज गेलं. दीड लाख भरणारी बरीच माणसं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कर वाचवायच्या घाईत भरतात. तेच एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरले तर? 7.1 टक्के कायम धरून, दरवर्षी एप्रिलमध्ये भरणाऱ्याचे 15 वर्षांनी 40 लाख 68 हजार होतात, मार्चअखेरीला भरणाऱ्याचे 37 लाख 98 हजार. पैसे दोघांनी तेवढेच भरले. पावणेतीन लाखांच्या आसपास फरक निव्वळ तारखेचा. एकरकमी जमत नसेल तर पगार झाला की एक ते पाच तारखेत ऑटो-डेबिट लावून टाका.

पंधरा वर्षं झाली की खातं बंद करायचंच असतं, ही समजूत चुकीची आहे. पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येते. पुढे भरणा चालू ठेवायचा असेल तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज द्यायचा. दीड लाखवाल्याने असं दोनदा वाढवलं तर 40 लाख 68 हजारांचे 1 कोटी 3 लाख होतात. पहिल्या 15 वर्षांत साडेबावीस लाख भरून 40 लाख झाले होते; नंतरच्या 10 वर्षांत 15 लाख भरून 62 लाख वाढले. पायरी 1 मधली शेवटची भारी वर्षं ती हीच.

पायरी 6: दर, कर आणि खर्च

एफडी उघडताना बँकेतला माणूस विचारतो, व्याज खात्यात सोडायचं की मुदतीला? निवृत्तीसाठी ठेवत असाल तर मुदतीला. दरमहा खात्यात आलेलं व्याज किराणा मालात जातं आणि चक्रवाढ तिथेच संपते. एफडीचं दुखणं करात आहे. 7 टक्के मिळाले आणि तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात पावणेपाचाच्या आसपास उरतात. एक लाखाचे 30 वर्षांत 7 टक्क्यांनी 7 लाख 61 हजार होतात, 4.8 टक्क्यांनी 4 लाख 8 हजार. त्यामुळे दूरच्या पल्ल्यासाठी निव्वळ एफडीवर राहणं मला पटत नाही.

मग येतात शेअर बाजाराशी जोडलेले मार्ग: इंडेक्स फंडातली (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडातली) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, आणि एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. इथे व्याज नसतं, हमीही नसते. किंमत वाढते आणि वाढलेल्या किमतीवर पुन्हा वाढ होते, म्हणून परिणाम चक्रवाढीसारखा दिसतो. सरळ रेषेत मात्र काहीच होत नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर गेला होता, मार्च 2009 मध्ये तो 8 हजारांच्या आसपास होता. निवृत्तीला 25 वर्षं असलेल्याने त्या काळात एसआयपी चालू ठेवली तर त्याचा फायदाच झाला. साठीला टेकलेल्याचे मात्र डोळे पांढरे झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक ‘पंधरा-पंधरा-पंधरा’चा फॉर्म्युला फिरत असतो: महिना 15,000, 15 वर्षं, 15 टक्के, आणि एक कोटी. गणित बरोबर आहे, तिसरा पंधरा मनाचा आहे. 10 टक्के धरले तर त्याच हप्त्याचे 62 लाख होतात. स्वतःच्या हिशेबात 10 च्या वर जाऊ नका. जास्त मिळालं तर कुणाची तक्रार नसते.

आता खर्चाकडे पाहा. महिना 5,000, 35 वर्षं, 12 टक्के धरले तर 3 कोटी 21 लाख. 11 टक्के धरले तर 2 कोटी 46 लाख. एका टक्क्याचे 75 लाख. बाजार किती देईल ते आपल्या हातात नाही, पण एजंटाचं कमिशन असलेला रेग्युलर प्लॅन घ्यायचा की 2013 पासून उपलब्ध असलेला डायरेक्ट प्लॅन, हे आपल्या हातात आहे. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत खर्च नेमका किती आणि परतावा वर्षाला किती टक्के, हे लेखी मागा. ‘इतके भरा, इतके मिळतील’ हे उत्तर नव्हे.

पायरी 7: कोटीला भुलू नका

आतापर्यंतचे सगळे आकडे एका अर्थाने फसवे आहेत, कारण ते भविष्यातल्या रुपयांत आहेत. चक्रवाढ महागाईलाही लागते. आज ज्या घराचा खर्च महिना 30,000 आहे, त्याला 6 टक्के महागाईने 30 वर्षांनी 1 लाख 72 हजार लागतील.

35 वर्षांनी मिळणारे ते 1 कोटी 15 लाख आजच्या भावाने मोजले तर 15 लाखसुद्धा भरत नाहीत. न काढलेल्या पीएफचे 12 लाखही आजचे पावणेदोन लाखच. 8 टक्के व्याज आणि 6 टक्के महागाई असेल तर खरी वाढ दोन टक्क्यांहूनही कमी. हे सांगितलं की काही जण म्हणतात, मग बचत करून उपयोग काय? उपयोग हा, की घरात ठेवलेले किंवा भिशीत फिरवलेले 95 हजार त्याच काळात आजच्या 14 हजारांइतके होऊन बसतील.

यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. हप्ता गोठवू नका. दरवर्षी पगारवाढ झाली की हप्ताही वाढवा. 5,000 ने सुरू करून दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढवत नेला, म्हणजे दुसऱ्या वर्षी 5,400, तिसऱ्या वर्षी 5,832, तर त्याच 8 टक्के परताव्यात 35 वर्षांनी 3 कोटी 13 लाख होतात. आजच्या भावाने 40 लाखांच्या वर. शेवटच्या वर्षीचा हप्ता 68 हजारांचा असेल, हे ऐकून दचकायला होतं. पण पगारही तसाच वाढत गेला असेल तर त्यातला बचतीचा वाटा पहिल्या दिवशी होता तेवढाच राहतो. बहुतेक फंडांच्या अ‍ॅपमध्ये ‘स्टेप-अप’ किंवा ‘टॉप-अप’ नावाने ही सोय असते. एकदा टिक केली की दरवर्षी मनाशी वाद घालावा लागत नाही.

याचसाठी सगळा पैसा ठरलेल्या व्याजाच्या योजनांत ठेवू नये. वय तिशीच्या आत असेल तर पीएफ हा भक्कम भाग समजा आणि नवीन बचतीतला निम्म्याहून जास्त हिस्सा इक्विटीत, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या मार्गांत, जाऊ द्या, असं माझं मत. ज्याला बाजार पडल्यावर झोप लागत नाही त्याने कमी ठेवावा. घाबरून खालच्या भावात विकणाऱ्याला इक्विटीचा सरासरी परतावा कधीच मिळत नाही.

पायरी 8: उशीर झाला असेल तर

25 व्या वर्षी महिना 5,000 ने सुरू करणाऱ्याच्या बरोबरीला यायचं तर 35 व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना 12,000 च्या थोडं वर भरावे लागतात आणि 45 व्या वर्षी 33,000. ही भरपाई जास्त परताव्याच्या मागे लागून करू नका. पंचेचाळिशीत एफ अँड ओ (शेअर बाजारातले वायदे), क्रिप्टो किंवा चुलतभावाच्या प्लॉटिंगमध्ये उडी घेणाऱ्याकडे नुकसान भरून काढायला वर्षंच शिल्लक नसतात.

त्यापेक्षा तीन गोष्टी होऊ शकतात. गृहकर्ज संपलं की तो ईएमआय दुसऱ्याच महिन्यापासून तसाच्या तसा बचतीकडे वळवा. त्या रकमेशिवाय जगायची सवय झालेलीच असते. निवृत्ती दोन-तीन वर्षं पुढे ढकलता येते का ते पाहा, कारण भारी वर्षं शेवटचीच असतात आणि त्या वर्षांत साठ्यातून काढणंही टळतं. आणि मुलांच्या लग्नाचा खर्च पीएफमधून करू नका. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कुणी देत नाही. इथे आई-बाबांना हे पटत नाही, घरात वाद होतात, नातेवाईक बोलतात. तरीही.

पायरी 9: साठीच्या अलीकडे आणि पलीकडे

निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं आधीपासून इक्विटीतला थोडा थोडा भाग दरवर्षी एफडी, डेट फंड (रोख्यांत पैसे गुंतवणारे म्युच्युअल फंड) अशा स्थिर ठिकाणी हलवायला लागा. शेवटच्या वर्षी एकदम नको, कारण ते वर्ष 2008 सारखं निघालं तर काय?

साठी झाली म्हणून सगळं मोडायचं नसतं. साठीचा माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगला तर त्याच्या काही पैशांना अजून 25 वर्षं आहेत. पहिल्या पाच वर्षांच्या खर्चाची रक्कम हाताशी ठेवा, बाकीची वाढू द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली आहे, मर्यादा 30 लाख, पण तिचं व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं, साचत नाही. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचंही तसंच. या योजना खर्चासाठी आहेत, वाढीसाठी नाहीत, आणि त्यांचं व्याज करपात्र असतं. एनपीएसमधून बाहेर पडताना रकमेचा काही भाग अ‍ॅन्युइटीत टाकावा लागतो, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन ठरलेली पेन्शन घ्यावी लागते. अ‍ॅन्युइटी बहुधा आयुष्यभर एकाच आकड्यावर थांबते, म्हणजे तिला महागाई खात राहते. कोणता प्रकार घेताय, जोडीदाराला पुढे मिळते का, मुद्दल वारसांना परत मिळतं का, हे सही करण्याआधी विचारा. नंतर बदलता येत नाही.

आणि प्रत्येक खात्यात नामनिर्देशन तपासा. लग्नाआधी उघडलेल्या पीपीएफ खात्यावर अजून आईचंच नाव आणि पीएफमध्ये रकाना रिकामा, असं फार घरांत निघतं. पोस्टाचं पासबुक, यूएएन, एनपीएसचा प्रान क्रमांक, फंडांचे फोलिओ क्रमांक एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवा.